तीन फायली आणि तेहतीस किलो : पुण्यातील एका वजन-नियंत्रण केंद्राचे परीक्षण

पुण्यातील एका वजन-नियंत्रण केंद्राची सेवा मी तीन वेळा घेतली : 2016 साली, 2018 साली आणि 2022 साली. तिन्ही वेळा पूर्ण शुल्क भरले, सांगितलेला आहार मनापासून पाळला आणि तिन्ही वेळा केंद्राने दिलेला शब्द खराही केला. पहिल्या वेळी माझे वजन 78 किलोंवरून 66 किलोंवर आले, दुसऱ्या वेळी 81वरून 70वर आणि तिसऱ्या वेळी 84वरून 74वर. 2023च्या डिसेंबरात ते 86 किलो होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच पद्धतीने चालणारी केंद्रे शहरात ठिकठिकाणी आहेत आणि जे दोष मला सांगायचे आहेत ते त्या पद्धतीचे आहेत, एखाद्या पाटीचे नाहीत.

आधी जे चांगले आहे ते सांगते. केंद्र स्वच्छ आहे, ठरलेली वेळ पाळली जाते आणि तिथल्या मुली अदबीने बोलतात. जाड माणसाला दुकानात, लग्नकार्यात, अगदी नातेवाइकांच्या घरीही जे ऐकावे लागते त्यातले एक अक्षरही मला तिथे कधी ऐकावे लागले नाही, आणि याचे मोल मी कमी लेखणार नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी वजन करायला जाण्याची जी शिस्त लागली ती आजही उपयोगी पडते. नाचणीची भाकरी, मुगाचे धिरडे आणि कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरी या गोष्टी आमच्या घरात त्या तक्त्यामुळेच रुळल्या.

सेवेचे स्वरूप असे आहे. नव्वद दिवसांचे पॅकेज असते. पहिल्या दिवशी उंची, वजन आणि एका यंत्रावर अनवाणी उभे करून शरीरातील चरबीचे प्रमाण मोजतात, आहाराचा तक्ता देतात आणि मग दर आठवड्याला वजन करून तक्ता बदलतात. 2016 साली याचे 18,000 रुपये घेतले, 2018 साली 24,000 आणि 2022 साली 38,000. तिसऱ्या वेळच्या रकमेत प्रथिनांच्या पावडरीचे डबेही धरलेले होते. रक्ततपासणीचा आग्रह तिन्ही वेळा झाला नाही. मधुमेह, थायरॉइड आणि रक्तदाब आहे का एवढे तोंडी विचारले आणि मी नाही म्हटल्यावर तेवढीच नोंद झाली. तीन महिने माणसाला अर्धपोटी ठेवणाऱ्या सेवेने ही तपासणी ग्राहकाच्या मर्जीवर सोडणे मला आज अक्षम्य वाटते.

तक्ता अर्धपोटी ठेवणारा होता, हे मी हिशेब मांडून सांगते. सकाळी कोमट पाणी आणि एक फळ, दुपारी एक भाकरी, वाटीभर उकडलेली भाजी आणि ताक, संध्याकाळी मूठभर चणे, रात्री मुगाचे कढण किंवा सूप आणि संपूर्ण दिवसाला एक चमचा तेल. मी बँकेत काम करते, आकड्यांची सवय आहे; तरीही पहिल्या दोन वेळा ही बेरीज करण्याचे मला सुचले नाही. नंतर केली तेव्हा ती साधारण 850 ते 900 कॅलरींच्या दरम्यान आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शक सूत्रे वजन कमी करण्याचा आहारही दिवसाला 1000 कॅलरींच्या खाली जाऊ नये असे सांगतात आणि आठवड्याला अर्धा किलो ही उतरण्याची सुरक्षित गती मानतात. माझे वजन 2022च्या पहिल्या चार आठवड्यांत सात किलोंनी उतरले होते आणि त्याबद्दल केंद्रात माझे नाव फलकावर लिहून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या सात किलोंत चरबी किती होती, हे कोणी सांगितले नाही. खाणे एकदम तोडले की शरीर प्रथम यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरते, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणून पहिल्या पंधरवड्यातली मोठी घट पुष्कळशी पाण्याची असते आणि चार दिवस नेहमीसारखे जेवले की ते पाणी परत येते. काट्यावरचा आकडा खोटा नसतो. त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. चरबी मोजणारे यंत्रही शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधते आणि अंगातले पाणी कमीजास्त झाले की तो अंदाज हलतो. दर आठवड्याला त्या यंत्राचा कागद हातात ठेवून ‘चरबी दीड टक्का उतरली’ असे सांगणे हे शास्त्राच्या भाषेत केलेले विक्रीचे बोलणे आहे.

अर्धपोटी राहिल्यावर शरीर आणि मन कसे वागते याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45मध्ये 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे कमी आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. चिडचिड, उदासी आणि थंडी वाजणे सुरू झाले. दिवसरात्र जेवणाचाच विचार मनात राहू लागला. पुन्हा पुरेसे अन्न मिळाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांची भूक महिनोन्महिने शमेना आणि अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. त्या तरुणांना उपासमारीच्या काळात दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी मिळत होत्या. ते अंगाने सडपातळ होते आणि आठवड्याला जवळजवळ 35 किलोमीटर चालत होते, त्यामुळे त्यांची आणि माझी सरळ तुलना करता येणार नाही, हे मला कळते. पण ऑफिसात दुपारी तीन वाजता दुसऱ्याच्या डब्यातल्या साबुदाण्याच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी येत असे, आणि तेव्हा केंद्रातून ‘ताई, मनाला ताब्यात ठेवा’ असा सल्ला मिळत असे. तो मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नव्हता, हे मला फार उशिरा समजले.

खरी परीक्षा नव्वदाव्या दिवसानंतर सुरू होते आणि इथे ही सेवा पूर्णपणे नापास होते. शेवटच्या दिवशी माझा फोटो काढला, प्रमाणपत्र दिले आणि ‘वजन टिकवण्यासाठी’ असे शीर्षक असलेला दोन पानांचा छापील कागद हातात दिला. त्यात साखर टाळा, रोज चाला, रात्री हलके जेवा, एवढेच होते. पुढची भेट नाही, फोन नाही. तीन महिन्यांनी वजन किती आहे याची विचारपूस नाही. पहिल्या वेळी 66 किलोंवर मी पाच महिने टिकले, गणपती ते दिवाळी या काळात पाच किलो वाढले आणि दीड वर्षात 81 झाले. दुसऱ्या वेळी टिकण्याचा काळ आणखी कमी झाला. तिसऱ्या वेळी तर मी पूर्वीपेक्षा कमी जेवत असूनही काटा वर सरकत होता आणि घरातल्या कोणालाही ते खरे वाटत नव्हते.

ते खरे असू शकते, हे मला शेवटी एका रुग्णालयातील डॉक्टरांनी समजावले. मेलबर्नमधील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 50 स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला होता. चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन घटले, भूक वाढवणारे घ्रेलिन वाढले, आणि पूर्ण एक वर्ष उलटल्यावरही ही संप्रेरके मूळ पातळीवर आलेली नव्हती. भूकही वाढलेलीच होती. त्याहून विदारक नोंद केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली मांडली. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील 14 जणांना त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. त्या 14 जणांनी स्पर्धेत सरासरी 58 किलो वजन उतरवले होते आणि त्यातले 41 किलो परत आले होते. एवढे वजन परत येऊनही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होते. वजन गेले की शरीर काटकसरीला लागते आणि वजन परत आले तरी ती काटकसर लगेच सोडत नाही. पाचशे कॅलरी म्हणजे जवळजवळ एक वेळचे साधे जेवण. हा आकडा कळला त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ शांत बसले होते, कारण सात वर्षे मी स्वतःला आळशी आणि अधाशी म्हणत आले होते.

परत येणारे वजन हे गेलेलेच वजन असते, हा आणखी एक समज माझ्या मनात होता. माझ्या तिसऱ्या फेरीच्या आधी माझी पाळी थांबलेली होती, आणि त्या वयातल्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास म्हणून मला फार जवळचा वाटतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की उतरलेल्या प्रत्येक किलो चरबीबरोबर साधारण 260 ग्रॅम स्नायू आणि तत्सम वस्तुमान गेले, पण परत चढलेल्या प्रत्येक किलो चरबीबरोबर त्यातले 120 ग्रॅमच परत आले. अशा प्रत्येक फेरीत स्नायूंचे थोडे भांडवल कायमचे खर्ची पडते. 2016 साली मी 78 किलोंची असताना तिसऱ्या मजल्यावरच्या घरी भाजीची पिशवी घेऊन न थांबता चढत होते. 2022 साली 74 किलोंवर असताना दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागत होते. केंद्राच्या तक्त्यात चालण्याखेरीज कोणताही व्यायाम नव्हता. वजन उचलण्याचा, बसून-उठण्याचा, स्नायू राखणारा एकही प्रकार नव्हता. अशा घटीत हाडांची घनताही कमी होते आणि वजन वाढल्यावर ती पूर्णपणे भरून येत नाही, म्हणून चाळिशीपुढच्या स्त्रियांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

आपल्याकडे तर स्नायू घालवणे आणखी महागात पडते. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका फोटोने जगाला दाखवली. ज्या शहरात हे संशोधन झाले त्याच शहरातले केंद्र माझे यश केवळ वजनकाट्यावर मोजत होते. कमरेचा घेर तिन्ही वेळच्या भेटींत एकदाही मोजला गेला नाही.

आता पित्ताशयाविषयी. ऑक्टोबर 2022मध्ये, तिसरे पॅकेज संपत आले असताना, एका लग्नाच्या जेवणानंतर रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मला पहाटे रुग्णालयात न्यावे लागले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. शल्यचिकित्सकांनी पहिला प्रश्न विचारला : ‘गेल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने कमी केलंत का?’ वजन वेगाने उतरते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते; आणि आहारात तेलतूप जवळजवळ नसेल तर पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होत नाही, साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक घट झाली की हा धोका चांगलाच वाढतो, आणि माझी गती त्याहून जास्त होती. पुन्हा पुन्हा उतरवणे-चढवणे हाही यात स्वतंत्र धोका आहे : अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नऊ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवून पुन्हा चढवलेल्या स्त्रियांना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा धोका वजन स्थिर राहिलेल्या स्त्रियांपेक्षा 68 टक्के जास्त आढळला. स्थूलपणा आणि वय ही कारणेही माझ्या बाबतीत होतीच, त्यामुळे सगळा दोष तक्त्यावर टाकणे प्रामाणिक ठरणार नाही. पण दिवसाला एक चमचा तेल लिहून देणाऱ्या व्यक्तीला हा धोका ठाऊक असायला हवा होता आणि तिने तो मला सांगायला हवा होता. मी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्याचे कळवले तेव्हा उरलेल्या दोन भेटी पुढे ढकलून मिळाल्या. बाकी काही विचारले गेले नाही.

हृदयाच्या बाबतीत मला अधिक जपून लिहिले पाहिजे. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावातील लोकांच्या अभ्यासातून 1991 साली असे दिसले की ज्यांचे वजन फार हेलकावे खाते त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू यांचे प्रमाण जास्त असते. 2017 साली आधीपासून हृदयविकार असलेल्या साडेनऊ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सर्वाधिक चढउतार असलेल्या गटात मृत्यूचा धोका सर्वांत कमी चढउतार असलेल्या गटाच्या दुपटीहून अधिक निघाला. मात्र हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कोणाचे वजन आहारामुळे उतरले आणि कोणाचे लपलेल्या आजारामुळे, हे त्यांतून नेहमी वेगळे काढता येत नाही, आणि 1994 साली अमेरिकेतील एका राष्ट्रीय तज्ज्ञगटाने चढउताराच्या भीतीने स्थूल माणसाने वजन कमी करणे सोडू नये असेच म्हटले होते. मलाही ते पटते. हे परीक्षण वाचून कोणी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असताना स्वस्थ बसावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

उलट ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने जवळजवळ माझ्याइतक्याच, म्हणजे 825 ते 853 कॅलरी दिल्या गेल्या, आणि एका वर्षानंतर त्यांच्यापैकी 46 टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला; दोन वर्षांनी हे प्रमाण 36 टक्के होते. मग फरक कोठे आहे? तिथे सुरुवातीला वैद्यकीय तपासणी होती, पोषण मोजून दिलेले होते, नेहमीचे अन्न आठवड्याआठवड्याने परत आणले गेले आणि त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दरमहा भेटी होत्या. वजन थोडे वाढताच पुन्हा हात देण्याची सोय होती. माझ्या केंद्राकडे या साखळीतली फक्त मधली कडी होती, आणि ती कडी एकटी घेतली की घातक ठरते.

मे 2024मध्ये केंद्रातून चौथ्या पॅकेजसाठी फोन आला तेव्हा मी प्रत्यक्ष भेटायला गेले आणि माझे जुने कागद दाखवण्याची विनंती केली. तीन वेगवेगळ्या फायली निघाल्या. प्रत्येक फाईलवर नवा सदस्य क्रमांक होता, ‘प्रारंभिक वजन’ नव्याने लिहिलेले होते आणि शेवटच्या पानावर ‘उद्दिष्ट साध्य’ असा शिक्का होता. एकीचा दुसरीत कुठेही उल्लेख नव्हता. त्यांच्या दप्तरी मी तीन यशस्वी ग्राहक आहे आणि माझे एकूण 33 किलो वजन उतरलेले आहे. त्याच काळात परत चढलेले 41 किलो कोणत्याच कागदावर नाहीत. व्यवस्थापकांना मी शांतपणे विचारले की एक वर्षानंतर किती सदस्यांचे वजन टिकले याची नोंद तुम्ही ठेवता का. ते म्हणाले, ‘मॅडम, पॅकेज संपल्यावर जबाबदारी सदस्याची असते.’ ते उर्मटपणे बोलले नाहीत. त्यांना खरोखर तसे वाटत होते. बँकेत आम्ही कर्ज दिले त्या दिवशीच ते वसूल झाले असे लिहीत नाही.

म्हणून कोणत्याही केंद्रात पैसे भरण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तरात उतरलेल्या किलोंचे फोटो दाखवले गेले तर पुढे जाऊ नये. हल्ली भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चौकशी माझ्या मैत्रिणीही करतात. त्यांनाही मी हेच सांगते, कारण सेमाग्लुटाइड हे अशा इंजेक्शनांतले औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले आहे. औषध उपयोगी आहे, पण ते तीन महिन्यांचे पॅकेज म्हणून घेण्याची वस्तू नाही.

गेले दीड वर्ष मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील आहारतज्ज्ञ बाईंकडे जाते. तिथे दोन-दोन तास ताटकळावे लागते, बाके मोडकी आहेत आणि एका भेटीचे 400 रुपये पडतात. त्यांनी मला 1,400 कॅलरींचा, वरण-भात आणि चमचाभर तूप असलेला आहार दिला, प्रथिने वाढवली, आठवड्यातून दोनदा डंबेल्सचा व्यायाम सांगितला आणि पहिल्या सहा महिन्यांत चार किलोंहून जास्त उतरायचे नाही अशी मर्यादा घातली. वजन 82 किलोंवर आले आणि त्यानंतर वर्षभर तिथेच आहे; कमरेचा घेर सात सेंटीमीटरने कमी झाला आहे, आणि भाजीची पिशवी घेऊन मी पुन्हा न थांबता घरी चढते. पहिल्या भेटीत त्यांनी नवी फाईल उघडण्याआधी जुन्या तिन्ही फायलींतली वजने मागितली, मधल्या वर्षांतली मला आठवतील तशी विचारली आणि 2016पासूनची सगळी एकाच पानावर एकाखाली एक लिहिली. ते पान त्या दर भेटीत सर्वांत वर ठेवतात आणि नवा आकडा त्याच्याच खाली लिहितात.